पट्टी तयार आहे, पण गिऱ्हाईक कोण?

ताई, नमस्कार.

मी ३४ वर्षांची आहे. बायोकेमिस्ट्रीत पीएचडी केली. गेली चार वर्षं विदर्भातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रोजेक्ट सायंटिस्ट म्हणून करारावर काम करते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रक्ताच्या एका थेंबावर चालणारी कागदी पट्टी आम्ही बनवली आहे. स्वतः आजारी नसलेला, पण आजार पुढच्या पिढीला देऊ शकणारा वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे ती वेगळं दाखवते. फ्रीजशिवाय ४५ अंशाला तीन महिने टिकते. आमच्याच रुग्णालयातल्या २१२ नमुन्यांवर तपासली, एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या यंत्रावरच्या चाचणीशी छान जुळली. एका पट्टीला साहित्याचा खर्च १८ रुपये येतो, म्हणजे ३० रुपयांना सहज विकता येईल. आरोग्यक्षेत्रातल्या संशोधकांना स्वतःच्या शोधातून उद्योग उभा करायला शिकवणाऱ्या आठ आठवड्यांच्या एका प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली आहे. आमचे सर म्हणतात, आपण पेपर लिहायचे, दुकानं काढायची नाहीत. नवरा म्हणतो, घराचे हप्ते चालू आहेत, करार मार्चला संपतोय, अशा वेळी हे कशाला? तीन आठवड्यांनी एका परिषदेत माझं पोस्टर आहे, त्याचीही तयारी सुरू आहे. प्रशिक्षणाला जावं का? आमच्या घरात आजवर कुणी किराणा दुकानसुद्धा चालवलेलं नाही. मला धंदा जमेल का?

– एक संशोधक, विदर्भ


तुमच्या पत्रातली सगळ्यांत तातडीची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. पोस्टर. पट्टी कशात भिजवता, कशी वाळवता, कोणतं मिश्रण किती घालता, यातलं काहीही त्या पोस्टरवर छापलं जाणार असेल, तर पेटंटचा अर्ज त्याच्या आधी दाखल झाला पाहिजे. एक दिवस आधी झाला तरी चालेल. एक दिवस उशीर मात्र चालणार नाही. आणि परिषदेची तारीख धरून बसू नका. सारांशांची पुस्तिका बऱ्याचदा आधीच वेबसाइटवर चढते. ती कधी चढणार आहे, हे आजच आयोजकांना फोन करून विचारा.

आपल्या पेटंट कायद्याच्या ३१ व्या कलमात, शोध आधी जाहीर झाला तरी अर्ज करायला १२ महिन्यांची सवलत आहे, असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. आहे. पण ती सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शनं, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे, आणि युरोपात तर तेवढीही मिळत नाही. तिच्या भरवशावर राहू नका. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा. व्यक्तीला किंवा शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. पेटंट एजंटची फी वेगळी. त्यानंतर पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात. एक खाचखळगा लक्षात असू द्या: कलम ३ (आय) नुसार निदानाच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही. म्हणून अर्ज पट्टीचा, तिच्यातल्या मिश्रणाचा, ती बनवण्याच्या प्रक्रियेचा असा लिहावा लागतो. हे सिकलसेल कळलेल्या एजंटकडून लिहून घ्या, आणि त्यांच्यासमोर स्वतः बसा.

एवढ्या कळकळीने सांगते, कारण हे माझ्या बाबतीत घडलं आहे. पीएचडीनंतरच्या दिवसांत मी जखमेवर लावायच्या एका जेलवर काम करत होते. परिषदेत पोस्टर लावलं, पहिलं बक्षीस मिळालं, आईने प्रमाणपत्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. पाच महिन्यांनी एका कंपनीने बोलावलं. त्यांच्या वकिलाने बॅगेतून कागद काढून टेबलावर ठेवला, तो माझ्याच पोस्टरचा प्रिंटआउट होता. खाली उजव्या कोपऱ्यात मी जेलमधल्या प्रत्येक घटकाचं प्रमाण लिहिलं होतं, अगदी मिलिग्रॅमपर्यंत. चहा यायच्या आत बैठक संपली. ते जेल पुढे कुणीच बनवलं नाही, कारण ज्याची कुणीही नक्कल करू शकतं त्यात पैसे घालायला कोण तयार होणार? जेल चांगलं होतं. मधुमेहाच्या जखमा घेऊन येणाऱ्या माणसांना त्याचा उपयोग झाला असता. ती खंत अजून जात नाही.

अर्जाबरोबरच मालकीचा कागद. शोध तुमचा, पण प्रकल्पाचा निधी, प्रयोगशाळा, नमुने हे सगळं संस्थेचं. त्यामुळे पेटंट बहुधा संस्थेच्या नावावर जाईल आणि तुम्ही शोधक म्हणून राहाल. त्यात वाईट काही नाही. संस्थेकडून तुमच्या कंपनीला वापराचा परवाना घेता येतो. शिक्षण मंत्रालयाच्या २०१९ च्या नवोपक्रम धोरणात, संस्थेची साधनं किंवा बौद्धिक संपदा वापरून निघालेल्या कंपनीत संस्थेने २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असं सुचवलं आहे. वैद्यकीय महाविद्यालयांसाठी आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, आणि आरोग्य संशोधन विभागाने मार्च २०२२ मध्ये वेगळं धोरण आणलं. डॉक्टरांनी आणि संशोधकांनी नोकरीत राहून कंपनी काढणं, तिच्यात हिस्सा घेणं याला त्यात मोकळीक आहे. त्याची प्रत काढून सरांच्या टेबलावर ठेवा. 'दुकानं काढायची नाहीत' हे त्यांचं मत असू शकतं, पण नियम आता तसा राहिलेला नाही. तुम्ही करारावर आहात, तेव्हा तुमच्या करारपत्रात शोधांबद्दल काय लिहिलं आहे ते नीट वाचा. काहीच लिहिलं नसेल तर मार्चच्या आत लिहून घ्या. करार संपल्यावर तुमच्या पत्राला कुणी उत्तर देईल याची खात्री नसते. आणखी एक नाजूक गोष्ट: पेपरवरची नावं आणि पेटंटवरची शोधकांची नावं एक असायला हवीत असं नाही. ज्याच्या डोक्यातून कल्पनेचा भाग आला तो शोधक. मानाखातर कुणाचं नाव घालू नका, आणि तुमच्या बरोबरीने रात्र रात्र बसलेल्या एखाद्या ज्युनिअरचं नाव गाळूही नका.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. प्रशिक्षणाला जा.

तिथे हिशेब, बॅलन्स शीट, भाषण ठोकणं असं काही शिकवतील आणि आपल्या घरात धंदा नसल्यामुळे ते जमणार नाही, अशी तुम्हाला धास्ती आहे. थोडं तेही असतं. पण अशा चांगल्या प्रशिक्षणाचा गाभा वेगळा आहे आणि तो तुम्हाला बऱ्याच व्यापाऱ्यांपेक्षा लवकर जमेल. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये आय-कोर नावाचा कार्यक्रम सुरू केला. प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना सात आठवडे बाहेर पाठवायचं, आणि प्रत्येक चमूने त्या काळात १०० माणसांशी बोलायचं: वापरणारे, विकत घेणारे, अडवणारे. २०१४ मध्ये तिथल्या आरोग्यसंशोधन संस्थांनी, म्हणजे एनआयएचने, तोच साचा घेतला. आपल्याकडे आयआयटी मद्रासमधलं गोपालकृष्णन-देशपांडे केंद्र त्याच धर्तीवर शिकवतं. तुमच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही बहुधा त्याच घराण्यातला असणार. तिथे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगतील की तुमच्या मनातली प्रत्येक खात्री हे एक गृहीतक आहे, ते कागदावर लिहा, आणि ते खोटं ठरेल असा पुरावा शोधायला बाहेर पडा. हे काम तुम्ही दहा वर्षं करत आहात. फक्त आता टेबलावर रक्ताच्या नमुन्याच्या जागी माणूस असेल.

तुमच्या पत्रातलं गृहीतक बघा: '३० रुपयांना सहज विकता येईल.' कुणाला?

मी एकदा अशाच एका प्रशिक्षणातल्या चार जणांना घेऊन गडचिरोलीच्या बाजूच्या एका आश्रमशाळेत गेले होते. त्यांचं यंत्र वेगळं होतं, हिमोग्लोबिन मोजायचं. त्या दिवशी तिथे सिकलसेलची तपासणी चालू होती. टेक्निशियन ताईंकडे दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांचा भार. व्हरांड्यात शाळेचं बाक, त्यावर लाकडी स्टँड, स्टँडमध्ये सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीच्या नळ्या. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर मूल संशयित. आतली ट्यूबलाइट बंद होती म्हणून त्या प्रत्येक नळी उचलून उन्हाच्या बाजूला धरत होत्या. आमच्यातल्या एका मुलाने मोठ्या उत्साहाने विचारलं, 'ताई, ही चाचणी अजून झटपट झाली तर तुम्हाला किती बरं पडेल?' त्या नळीवरची नजर न काढता म्हणाल्या, 'चाचणीला काय वेळ लागतो? नाव लिहायला लागतो. मडावी आडनावाची बावीस पोरं आहेत इथं.' मग रजिस्टर दाखवलं. एकच नाव तीन ठिकाणी लिहायचं. संशयित निघालेल्यांचा नमुना पुढे जिल्ह्याला पाठवायचा, कारण वाहक की रुग्ण हे सोल्युबिलिटी सांगू शकत नाही. तो अहवाल आला तेव्हा मुलं दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावी गेलेली. गेल्या वर्षीचे असे अहवाल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खिळ्याला टांगले होते.

त्या पिशवीसाठी तुमची पट्टी आहे. 'जलद' आणि 'स्वस्त' हे शब्द तुम्ही पोस्टरच्या मथळ्यात घातले असतील, पण त्या ताईंच्या दृष्टीने तुमच्या पट्टीचा गुण हा, की मूल समोर बसलेलं असतानाच उत्तर मिळतं आणि दुसरी फेरी वाचते. त्यातही तान्ह्या बाळांचा विचार करा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच असतं, म्हणून सोल्युबिलिटी तिथे फसते. तुमच्या पट्टीला ती अडचण येते का? तुमचे २१२ नमुने कोणत्या वयाचे होते हे तुम्ही लिहिलेलं नाही. नवजात बाळांवर ती चालत असेल, तर गिऱ्हाईक पूर्ण बदलतं. मग आश्रमशाळेइतकंच तालुक्याचं प्रसूतिगृह महत्त्वाचं ठरतं.

मुलाखती घेताना एक चूक सगळे करतात. पट्टी खिशातून काढून दाखवतात आणि विचारतात, 'तुम्ही हे घ्याल का?' आपल्याकडची माणसं भिडस्त. चहा पाजतील, 'छान आहे मॅडम, आपल्या विदर्भाच्या पोरीनं केलं' म्हणतील आणि तुम्ही वहीत 'मागणी आहे' असं लिहून घरी याल. पट्टी पर्समध्येच राहू द्या. 'गेल्या वेळी सिकलसेलची तपासणी केलीत तो दिवस सांगा, सकाळपासून' एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं हे या प्रशिक्षणातलं सगळ्यांत अवघड कौशल्य आहे, विशेषतः आपल्यासारख्या शिकवायची सवय लागलेल्यांना.

आणि माणसं नीट निवडा, कारण आरोग्यसेवेत वापरणारा एक, ठरवणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा असतो. पट्टी टेक्निशियन किंवा आशाताई वापरणार. ती कार्यक्रमात घ्यायची की नाही, हे राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमातले अधिकारी ठरवणार. खरेदी करणार ते महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण किंवा जिल्हा पातळीवरचं कुणीतरी. या तिघांचं दुखणं वेगळं असतं. खरेदीच्या टेबलावरच्या माणसाला बाळाच्या हिमोग्लोबिनशी घेणं नसतं. त्याला टेंडरच्या अटींत बसणारा, ठरलेल्या तारखेला माल देणारा आणि ऑडिटमध्ये प्रश्न उभा न करणारा पुरवठादार हवा असतो. तो त्याच्या जागी बरोबरच असतो. टेंडरमध्ये आधीची उलाढाल आणि अनुभव मागतात. स्टार्टअपना यातून सूट देण्याची तरतूद केंद्राच्या खरेदी नियमांत आहे, पण हातातल्या टेंडरमध्ये ती आहे की नाही हे प्रत्येक वेळी बघावं लागतं. हे सगळं एखाद्या निवृत्त भांडारपालाबरोबर तासभर बसलात तर जेवढं कळेल, तेवढं कुठल्याही वर्गात कळणार नाही. तुमच्या यादीत असा एक माणूस घाला. सोबत सरकारी पुरवठा करणारे नागपूरचे दोन-तीन वितरकही घाला. बिलं किती महिन्यांनी निघतात, हे ते बोटावर मोजून सांगतील.

त्यातूनच तुमच्या १८ रुपयांचा हिशेब सुटेल. साहित्याचा खर्च म्हणजे पट्टीची किंमत नाही. त्यात फॉइलचं पाकीट, सिलिका जेलची पुडी, द्रावणाची कुपी, टोचायची सुई, मराठीत छापलेलं माहितीपत्रक, दर लॉटमधून तपासणीसाठी बाजूला ठेवायच्या पट्ट्या, नापास होऊन फेकून द्यावा लागणारा एखादा अख्खा लॉट, परवाना, वितरकाचं कमिशन आणि उधारीत अडकलेल्या पैशांवरचं व्याज, हे सगळं चढतं. माझ्या अनुभवाने तिपटीच्या खाली ती निघाली तर मी समाधान मानेन. तेव्हा ३० हा आकडा आत्ताच कुणाला बोलून टाकू नका. एकदा तोंडातून गेलेली किंमत वर नेता येत नाही.

परवान्याचं थोडक्यात. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खाली निदानाच्या किटही येतात. ए, बी, सी, डी असे धोक्यानुसार चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाचा उत्पादन परवाना राज्याकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, आणि सी, डी वर्गाचा केंद्राच्या सीडीएससीओ या औषध नियंत्रण संस्थेकडून. विकण्याआधी चाचण्यांपुरतं थोडं उत्पादन करायचं असेल, तरी एमडी-१३ हा वेगळा परवाना लागतो. तुमची पट्टी कोणत्या वर्गात बसते ते प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात शोधा. डिसेंबर २०२३ मध्ये आयसीएमआरने 'मेडटेक मित्र' हा मंच नेमका अशा मार्गदर्शनासाठी सुरू केला आहे, तिथे नोंदणी करा. आणि २१२ नमुने तुमच्याच रुग्णालयातले, तुमच्याच हातांनी तपासलेले आहेत. आता दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या जागी, निकाल माहीत नसताना तपासायला हवेत. मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्था, जिला सगळे एनआयआयएच म्हणतात, आणि तिचं चंद्रपूरचं केंद्र याच आजारावर काम करतं. त्यांना पत्र लिहा. विदर्भात बसून तुम्हाला याहून जवळचं दार नाही. मे महिन्यात चंद्रपूरला तुमच्या ४५ अंशांची परीक्षाही आपोआप होईल.

त्या ४५ अंशांवर मला थांबायचं आहे.

सिकलसेलच्या झटपट पट्ट्या जगाच्या बाजारात आधीपासून आहेत, हे तुम्हाला माहीत असणारच. वाहक आणि रुग्ण वेगळे दाखवणाऱ्याही आहेत. १ जुलै २०२३ ला शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी माणसांची तपासणी करायचं तिचं उद्दिष्ट आहे. त्यामुळे या बाजारात मोठे खेळाडूही उतरलेले आहेत. त्यांच्याशी किमतीत झुंजणं एकट्या संशोधकाला जड जाईल. मग तुमचं वेगळं काय? फ्रीजशिवाय टिकणं, जे तुम्ही एका वाक्यात उरकलं आहे. ती पट्टी वाळवायची तुमची युक्ती जर दुसऱ्या प्रतिपिंडांनाही (अँटिबॉडींनाही) लागू पडत असेल, तर ती फक्त सिकलसेलपुरती राहत नाही. मलेरिया, डेंग्यू, गर्भचाचणी, कुठल्याही पट्टीच्या उत्पादकाला ती हवी असू शकते. तेव्हा कदाचित तुम्हाला कारखाना काढायची गरजच पडणार नाही. ही युक्ती परवान्यावर देता येईल. मी 'कदाचित' म्हणते आहे, कारण हेसुद्धा माझं गृहीतकच आहे. तुमच्या मुलाखतींपैकी दहा तरी किट बनवणाऱ्या कंपन्यांच्या उत्पादनप्रमुखांच्या घ्या आणि त्यांना विचारा, उन्हाळ्यात किती माल परत येतो.

परवान्यावर देणं म्हणजे शोध विकून टाकणं, असा एक समज आपल्याकडे आहे. पुण्याचंच उदाहरण घ्या. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसवरची मेनआफ्रिव्हॅक लस सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली. तिच्यातलं जोडणीचं तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतलं. ते पाथ या संस्थेमार्फत पुण्यात आलं, आणि एक डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये मोठी मोहीम सुरू झाली. ज्यांनी तंत्र शोधलं त्यांनी कंपनी काढली नाही आणि लस मात्र पोहोचली. आपल्या रोटाव्हॅकचंही तसंच. दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात नवजात बाळांमध्ये सापडलेला विषाणू, पुढे हैदराबादच्या भारत बायोटेकने त्यापासून लस बनवली आणि २०१६ मध्ये ती राष्ट्रीय लसीकरणात आली. मध्ये तीस वर्षं गेली. तुमच्या पट्टीला तीस लागणार नाहीत, पण आठ आठवड्यांत काही उभं राहील, असा शब्द नवऱ्याला देऊ नका.

आणि तिसरी वाटही आहे, ती आपल्या गडचिरोलीनेच दाखवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची जी पद्धत बसवली, तिचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिची कंपनी निघाली नाही. ती सरकारी कार्यक्रमात गेली आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई ते काम करतात. मुलाखती संपल्यावर तुम्हाला वाटलं की यातून कंपनी होत नाही, हे काम कार्यक्रमातून पोहोचायला हवं, तर तसं लिहून द्या. प्रशिक्षण वाया गेलं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. चुकीच्या वाटेवर घालवायची तुमची चार वर्षं त्याने वाचवलेली असतील.

एका गोष्टीबद्दल मात्र मला तुमच्याकडून शब्द हवा आहे. ते २१२ नमुने ज्यांचे होते, त्यांच्या संमतीपत्राची प्रत काढा आणि वाचा. 'संशोधनासाठी' एवढंच लिहिलं असेल, तर त्या रक्ताच्या आधारावर विकायची वस्तू बनते आहे हे त्यांना सांगितलेलं नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत, नमुन्यांपासून व्यापारी उपयोग होणार असेल तर सहभागींना तसं सांगणं आणि लाभातला वाटा याबद्दल स्पष्ट सूचना आहेत. एथिक्स कमिटीकडे जा, पुढच्या नमुन्यांसाठी संमतीपत्र बदलून घ्या. नागपुरातल्या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं, तेव्हापासून या भागातली आदिवासी आणि दलित माणसं रक्त देत आली आहेत. किती प्रबंध त्यावर झाले. पिशवीत टांगलेले अहवाल मी पाहिलेत, म्हणून सांगते: तुमची कंपनी निघो न निघो, पहिल्या लॉटमधल्या पट्ट्या ज्या गावांतून नमुने आले तिथे गेल्या पाहिजेत, आणि वाहक निघालेल्या मुलीचं लग्न मोडणार नाही अशा पद्धतीने तो निकाल सांगितला गेला पाहिजे. पट्टी जागच्या जागी उत्तर देणार, म्हणजे ते व्हरांड्यात, बावीस पोरांसमोर मिळणार. त्याचा विचार पट्टी बनवणाऱ्यालाच करावा लागेल.

आता घर. नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही. नोकरी सोडू नका. प्रशिक्षण नोकरीत राहून होतं, लेखी परवानगी तेवढी घ्या. पुढची पायरी म्हणून बायरॅक या जैवतंत्रज्ञानातल्या उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं बिग हे अनुदान बघा: १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत, आणि एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. पुण्यात एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, आवारातलं व्हेंचर सेंटर आणि आयआयटी मुंबईचं साइन हे त्याचे भागीदार आहेत. अर्ज लिहायला ते मदत करतात. करार वाढला नाही तर हातात दुसरं काही असावं, म्हणून सरांशी मार्चबद्दल आत्ताच बोला. एक मर्यादा मात्र दोघांनी बसून ठरवा: घरातले किती पैसे यात घालायचे. माझं मत, पेटंट एजंटची फी आणि फिरण्याचा खर्च, त्यापुढे घरातला रुपया नको. दागिने, भविष्यनिर्वाह निधी, सासऱ्यांची एफडी, यांना हात लावायची वेळ आली तर समजा की गिऱ्हाईक अजून सापडलेलं नाही.

आणि एकट्या जाऊ नका. आय-कोरमध्ये तिघांचा चमू असतो: प्राध्यापक, बाहेरचा मार्गदर्शक, आणि पुढे होऊन धावपळ करणारा बहुतेक वेळा तरुण विद्यार्थी. प्राध्यापकाने पुढे व्हावं अशी अपेक्षाच तिथे नसते. सरांना हे सांगा. तुम्ही दुकान काढा असं त्यांना कुणी म्हणत नाहीये, त्यांनी विज्ञानाची बाजू धरून ठेवायची आहे. मला वाटतं त्यांचा विरोध बराचसा त्या भीतीचा आहे की तुम्ही गेलात तर प्रयोगशाळा रिकामी होईल. पेपरही होईल असं त्यांना सांगा, फक्त अर्जाच्या नंतर.

धंदा जमेल का, या प्रश्नाचं उत्तर मी आज देऊ शकत नाही. आठव्या आठवड्यात तुमच्या वहीत ते असेल. मोठी, जाड पुठ्ठ्याची वही घ्या. मोबाइलवर नोंदी करत बसलात की समोरचा माणूस बोलायचा थांबतो. पहिली मुलाखत तुमच्याच रुग्णालयाच्या खालच्या मजल्यावरच्या टेक्निशियनची घ्या, सकाळी साडेआठला, रांग लागायच्या आधी. आणि सोमवारी पेटंट एजंटला फोन केलात की मला दोन ओळी कळवा, मी वाट बघते आहे.